चिखल कुठला?

टी-९०च्या पट्ट्यांना लागलेला चिखल रशियाचा होता. खराखुरा नव्हे, बाटलीवर तसं लिहिलेलं होतं. बाकी सगळा रणगाडा भारतीय सैन्याचा. रंग आपला, नंबर आपला, टरेटवरच्या चिलखती विटांची मांडणी आपली. पण खाली, जिथे गाडी जमिनीला टेकते तिथे ती थेट रशियात उभी होती.

हा रणगाडा बारामतीत एका मित्राच्या घरी शोकेसमध्ये आहे. खालच्या कप्प्यात लग्नात आलेला डिनर सेट, वरच्या दोन कप्प्यांत १/३५ मापाचे रणगाडे. मित्र दिवसा एमआयडीसीत सीएनसी मशीनवर असतो आणि रात्री जेवण झाल्यावर चिमटा, सँडपेपर आणि एअरब्रश घेऊन बसतो. चांगलं काम करतो. इतकं चांगलं, की त्याच्याकडे 'वा वा' करून चहा पिऊन निघून येणं मला अपमानकारक वाटायला लागलं. कविता दाखवली तर आपण कवितेबद्दल बोलतो. मग चार महिने खपून केलेल्या रणगाड्याबद्दल फक्त 'सेम टू सेम दिसतोय राव' एवढंच का म्हणायचं? म्हणून हा लेख.

आधी मापाबद्दल. १/३५ म्हणजे खऱ्या वस्तूचा पस्तिसावा भाग. टी-९० तोफेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत साधारण साडेनऊ मीटर, म्हणजे शोकेसमध्ये २७ सेंटीमीटर. साडेपाच फुटी माणूस पावणेपाच सेंटीमीटरचा. पण ३५च का? ३० किंवा ४० का नाही? उत्तर ऐकून मला बरं वाटलं होतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्यात, या हिशेबाने त्याचा आकार ठरला. ते खूप खपलं, तेव्हा पुढचे रणगाडे त्याच मापात करावेत म्हणून मोजून पाहिलं, तर ते खऱ्याच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढं भरलं. आज जगभरचे लोक ज्या मापात मिलिमीटरच्या अंशावरून भांडतात, ते माप बॅटरीच्या खोक्यानं ठरवलं आहे.

आणि लोक भांडतात ते खरंच अंशावरून. खऱ्या गाडीवरचे दहा सेंटीमीटर इथे तीन मिलिमीटरच्याही आत येतात. रंगाचा एक जाड हात बसला तर कडा बुजतात आणि पोलादी वीट साबणाच्या वडीसारखी दिसते. मित्राला हे शिकवावं लागलं नाही. इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात सूक्ष्म मापं ही हौसेची नाही, पगाराची गोष्ट आहे. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात. चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३वरून गेलं, त्याच्या बाजूच्या घन इंधनाच्या बूस्टरचं कवच ३.२ मीटर व्यासाचं असतं, आणि त्याचे भाग उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्यानं बाहेर पडतात. मोजणं म्हणजे काय हे इथल्या आयटीआयच्या पोराला उपदेश करून सांगायची गरज नाही.

तर त्या टी-९०कडे. बाजारात सहज मिळणारं किट बहुधा रशियन टी-९०ए चं असतं. त्याच्या तोफेच्या दोन बाजूंना दोन मोठे 'डोळे' असतात. शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवण्यासाठीची ती यंत्रणा, चालू असली की लाल दिसते. भारताने २००१मध्ये करार करून घेतलेल्या आणि नंतर आवडीला बांधलेल्या टी-९० 'भीष्म'वर हे डोळे नाहीत. म्हणजे किटमधला सगळ्यात देखणा भाग काढून टाकायचा आणि तिथे चिलखती विटा स्वतः प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापून बसवायच्या. मित्राने बसवल्या. कोन तपासण्यासाठी संचलनाचे फोटो मोठे करून करून पाहिले. दोन विटा पुन्हा केल्या. डोळे काढलेला टी-९० पहिल्या नजरेत थोडा साधा वाटतो आणि तो साधेपणा राखणं हे मला या कामातलं सगळ्यात प्रौढ पाऊल वाटतं. हौशी हात नेहमी भर घालतो. इथे हात मागे घेतलाय.

मग चिखलाच्या वेळीच तो हात का चळला?

कारण चिखल किटमध्ये येत नाही, बाटलीत येतो. या छंदासाठी मातीच्या रंगाच्या पावडरी आणि पातळ लेप विकत मिळतात. त्यांची नावं वाचत बसावीत अशी आहेत : युरोपची धूळ, रशियन माती, व्हिएतनामची माती, आखाती युद्धाची वाळू, कुर्स्कची माती. ज्या मातीत मोठं युद्ध झालं आणि ज्या युद्धाचे भरपूर फोटो निघाले, तिला बाटली मिळाली. दख्खनच्या बाटलीची कुणाला गरज पडली नाही. मित्राने उपलब्ध बाटल्यांतली सगळ्यात काळपट उचलली. 'काळी माती ती काळीच की,' म्हणाला. हे वाक्य टरेटच्या विटेबद्दल कुणी उच्चारलं असतं तर यानेच त्याला दारातून हाकललं असतं.

माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो छोटा नाही. आपल्याकडच्या अचूक मॉडेलची अचूकता पट्ट्यापाशी संपते. गाडी आपली होते. जमीन आणि माणूस उसने राहतात.

यावर कुणी म्हणेल, आपल्या परंपरेत अचूकता होतीच कुठे? दिवाळीतला किल्ला आठवा. महादरवाजापेक्षा मावळा उंच, मावळ्यापेक्षा गवळण उंच, आणि सिंहासनावरचे महाराज अख्ख्या बालेकिल्ल्याएवढे. मापाचा पत्ता नाही. पण माती? माती अंगणातलीच असते. अळीव पेरायचे, मोहरी पेरायची, सकाळी पाणी शिंपडायचं आणि चार दिवसांत डोंगर हिरवा. आमच्या इंदापूरच्या वाड्यात तर जत्रेतून आणलेला हिरवा प्लॅस्टिकचा रणगाडा दरवर्षी पहिल्या बुरुजापाशी उभा असायचा, मावळ्यांच्या बाजूने. किल्ल्यात जमीन खरी असते आणि वर ठेवलेलं सगळं कल्पनेतलं. शोकेसमध्ये नेमकं उलटं झालंय.

गणपतीतल्या देखाव्यांबद्दल मात्र मी एवढा उदार नाही. १९९९च्या गणपतीत गावोगाव थर्माकोलचं कारगिल उभं राहिलं होतं. निळ्या दिव्यांत बर्फ, मागे टेपवर गोळीबार, आणि तोफ अशी की तिच्या चाकांवर ती उभीसुद्धा राहू शकली नसती. थर्माकोल गेला, फ्लेक्स आणि एलईडी आले, तरी सैन्याचा देखावा अजून तसाच असतो. तो नमस्कार करायला केलेला असतो, बघायला नव्हे. ज्याला नमस्कार करायचा त्याचे तपशील कुणी तपासत नाही. अचूक मॉडेल करणारा माणूस मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. गाडीपुढे हात न जोडता तिच्याकडे बघणारा आपल्याकडे तो जवळपास एकटा आहे.

गंमत म्हणजे मॉडेलकार ज्याला डायोरामा म्हणतात, त्याला मराठीत शब्द देखावाच.

बघायचं तर आपल्या भागातल्या माणसाला अहिल्यानगरला जावं लागतं. भिगवण, राशीन, कर्जत करत दुचाकीवर पहाटे निघालो तर संग्रहालय उघडायच्या आधी पोचतो आणि टपरीवर बसून राहतो. १९९४मध्ये सुरू झालेलं हे रणगाडा संग्रहालय म्हणजे मोकळ्या जागेत उभी असलेली पोलादी जनावरं : व्हॅलेंटाइन, चर्चिल, आपला विजयंता, पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन, आणि या सगळ्यांचे आजोबा शोभावेत अशी रोल्स-रॉईसची चिलखती मोटार. मित्र तिथे टेप घेऊन गेला होता. मी झाडाखाली बसून होतो. परत येताना तो खूश होता आणि मी थोडा साशंक.

कारण संग्रहालयातला रंग हा संग्रहालयाचा रंग असतो. त्याच गावात, आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये, 'फामागुस्ता' जपून ठेवलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ला शकरगडच्या आघाडीवर, बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमध्ये लढले आणि गेले, तो हा रणगाडा. खेत्रपाल जन्मले पुण्यात, रेजिमेंट पूना हॉर्स, वय २१. मरणोत्तर परमवीरचक्र. हा रणगाडा मित्राच्या शोकेसमध्येही आहे. नाव नीट लिहिलंय, रंग गुळगुळीत हिरवा. फोटो बघून हुबेहूब केलाय. पण तो फोटो दुरुस्त करून, रंगवून जपलेल्या रणगाड्याचा. १६ डिसेंबरला तो असा दिसत नव्हता. त्याला आग लागलेली होती.

मॉडेल नेहमी एका विशिष्ट गाडीचं आणि एका विशिष्ट दिवसाचं असतं, हे मॉडेलकारांना कळत नाही असं नाही. उलट जगभरचे चांगले मॉडेलकार याच गोष्टीसाठी रक्त आटवतात. पण आपल्याकडे वीराचा रणगाडा म्हटला की हात पुन्हा नमस्काराला जातो. फामागुस्ता धुऊन-पुसून उभा राहतो. शोकेसमध्ये तो पुतळ्याच्या शेजारी शोभेल असा आहे, आणि मला त्यात मॉडेल कमी आणि पुतळाच जास्त दिसतो. हे मी मित्राला सांगितलं. तो दोन आठवडे बोलला नाही.

मग त्याने दुसऱ्या टोकाला उडी मारली. जळालेला टी-७२.

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून या छंदात एक नवीनच गोष्ट घडतेय. आधी युद्ध संपायचं, पुस्तकं यायची, मग किट यायचं. आता सकाळी पेटलेल्या रणगाड्याचा फोटो संध्याकाळी मोबाइलवर असतो आणि काही आठवड्यांत त्याचं मॉडेल. ड्रोनपासून बचावासाठी टरेटवर बांधलेले जाळीचे पिंजरेसुद्धा लगेच मापात आले. मित्राने ते चहाच्या गाळणीच्या जाळीतून केले, आणि फार छान केले. जळालेल्या पोलादाचा तो विशिष्ट नारिंगी गंज, त्यावर राखेचा पांढुरका हात, वितळून गेलेली रबरं. मिठाचे दाणे चिकटवून, वरून रंग मारून मग ते खरवडले की असा गंज उतरतो. तंत्र म्हणून पाहिलं तर शोकेसमधलं हे सगळ्यात वरचं काम. इन्स्टाग्रामवर त्याला सगळ्यात जास्त बदाम मिळाले.

त्याचे मामा इंदापूर तालुक्यातले, सैन्यातून निवृत्त. नोकरीतली बरीच वर्षं टी-७२चे चालक. दिवाळीच्या फराळाला आले होते. आम्ही मोठ्या अपेक्षेने मॉडेल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, गाडी फिरवून पाहिली आणि अंगठ्याचं नख पुढच्या बाजूला, मधोमध असलेल्या छोट्या गोल झाकणावर ठेवलं.

"ड्रायव्हरचं झाकण बंदए."

मित्र म्हणाला, "किटमध्ये तसंच नीट बसतं, मामा."

"आन तोफ बरोबर त्याच्या वर आलीय. तोफ अशी डोक्यावर आली की झाकण उघडाय लागत नाय." मग थोडं थांबून, "म्हंजे हा आतच हाय."

त्यांनी मॉडेल खाली ठेवलं आणि चकलीचं ताट पुढे ओढलं. पुढे बराच वेळ ते पाटाच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होते.

मित्राने तोफ सरळ ठेवली होती, कारण सरळ तोफ शोकेसमध्ये मावते. झाकण बंद ठेवलं होतं, कारण फट राहत नाही. दोन सोयीच्या निर्णयांतून त्याने न कळत एक माणूस आत कोंडला होता, आणि हजारो बदामांपैकी एकालाही तो दिसला नव्हता. मलाही नाही, मी तर समीक्षक म्हणवून घेतो. अचूकतेचा खरा धोका हाच आहे. ती खोटं बोलत नाही. तुम्ही लक्ष दिलं नाहीत तरी ती काहीतरी सांगतच राहते.

जाताना मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. टी-९०कडे बोट दाखवून म्हणाले, "छागल कुठाय?" छागल म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी. पाणी कापडातून झिरपतं, वाऱ्यावर सुकतं आणि आतलं गार राहतं. गाडीच्या बाजूला ती लटकलेली असायची. किटमध्ये ती नाही, कारण किट करणाऱ्यांच्या रणगाड्यावर ती नव्हती. त्यांच्याकडे पाणी गार करण्याची अडचण नसावी.

छागल मित्राने त्याच रात्री केली, मळलेल्या इपॉक्सी पुट्टीची, अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान. खाली ओलसरपणाचा गडद डाग ठेवला. आणि मग, मला वाटतं माझ्या बडबडीपेक्षा या छागलीमुळेच, त्याने मातीला हात घातला.

इथून पुढचा भाग ज्यांना हाताने काही करायची हौस आहे त्यांच्यासाठी. खरी माती मॉडेलला लावली की ती खोटी दिसते. साधं गणित आहे : अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण पस्तीस पटीने साडेसतरा मिलिमीटरचा होतो, म्हणजे पट्ट्यांवर खडी ओतल्यासारखं दिसतं. मुरूम म्हणूनच चालत नाही. कुटून कुटून हात दुखतात तरी त्यात कच राहते. पण काळी माती? ती वाळवून, खलून, जुन्या नायलॉन साडीतून वस्त्रगाळ केली की पीठ होतं. पाण्यात कालवून पातळ थर दिला आणि वाळू दिला की तिला भेगा पडतात. आणि या भेगा मापात पडतात! शेतात थर खोल असतो म्हणून भेगेत हात जातो. इथे थर अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणून भेगाही तेवढ्याच बारीक आणि जवळजवळ. जी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, तिने तोच खेळ पस्तिसाव्या मापात करून दाखवला. फेव्हिकॉल जास्त झाला तर मात्र ती फाटायचं विसरते. रंगाचंही एक आहे. लहान वस्तूवर खरा रंग अधिक गडद वाटतो, म्हणून खऱ्या मातीतही थोडी पांढुरकी पावडर मिसळावी लागली. पूर्ण खरं ठेवून चाललं नाही.

माती उजनीच्या काठची. उन्हाळ्यात पाणी मागे गेलं की भिगवणकडे जो गाळ उघडा पडतो, ती.

पण या मातीवर टी-९० उभा केला आणि नवाच प्रश्न आला : इथे तो काय करतोय? उजनीच्या गाळात रणगाडे येत नाहीत. आपल्याकडे रणगाडे खरंच जिथे धावतात ती जागा म्हणजे अहिल्यानगरजवळची के. के. रेंज, खारे कर्जुने. तिथली माती घेऊन देखावा करायचा तर त्यात फक्त रणगाडा आणि धुरळा ठेवता येईल का? नगर, राहुरी, पारनेर तालुक्यांतली गावं त्या रेंजला लागून आहेत, आणि आपल्या जमिनी रेंजसाठी जातील या भीतीत लोकांनी वर्षं काढली आहेत. २०२०च्या सुमाराला तो प्रश्न पुन्हा पेटला होता. मोसंबीची चार झाडं, एक बांध, एक विहीर. १/३५ मध्ये विहीर चहाच्या कपापेक्षा जेमतेम मोठी. असा देखावा मी अजून कुठे पाहिलेला नाही. युरोपातल्या पडक्या चर्चसमोर उभे असलेले रणगाडे मात्र मराठी हातांनी केलेले मी पाच पाहिले.

मित्राला तो देखावा करवेना. "आपण तिथले नाय," म्हणाला. हे उत्तर मला पटलं. मग आपण जिथले आहोत तिथे रणगाडा कधी पाहिला? दोघांनाही एकच गोष्ट आठवली. दौंड-सोलापूर लाईन. फाटक पडलेलं, अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर धडधडतोय, त्यामागे एसटी, आणि समोरून सैन्याची मालगाडी सावकाश जातेय. सपाट वॅगनवर ताडपत्रीने झाकलेले, दोरीने आवळलेले मोठे आकार. तोफेच्या जागी ताडपत्री पुढे टोकदार झालेली. कुणीतरी म्हणायचं, "रणगाडा." आम्ही डबे मोजायचो.

सध्या तेच काम चालू आहे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ४८. बाजारात मिळणारे १/३५चे रूळ आणि वॅगन युरोपीय, ४१ मिलिमीटरच्या गेजवरचे, म्हणून वॅगन पूर्ण हातानेच करावा लागतोय. ट्रॅक्टर जवळपास झालाय. ऊस आठ-साडेआठ सेंटीमीटर उंच, केरसुणीच्या काड्यांचा. त्याची पानं कागदाची की खऱ्या वाळलेल्या गवताची यावर रोज वाद होतात. ताडपत्री टिश्यू पेपरची, पातळ गोंदात भिजवून टाकायची.

ती टाकायच्या आधी तो अडलाय. झाकणार असलेला टी-९० दुसरा, नवा आहे. त्याचे लाल डोळे काढून झालेत, विटांचे कोन या वेळी पहिल्याच फटक्यात जमलेत, छागल लावली आहे, आणि ड्रायव्हरचं झाकण उघडं आहे. यातलं काहीही दिसणार नाही. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, नुसता खोका करून वर ताडपत्री टाकली तर कुणाला कळणारे का, असं विचारत होता. मी म्हटलं, मामांना कळेल. मागून वहिनींचा आवाज आला, टिश्यू पेपर सगळा संपवलात, पाहुण्यांना आता काय देऊ.